नलूला सांगून जा

आमच्या मुरबे गावात हंसासारखी बाई दुसरी नाय. मी तिची जाऊ म्हणून सांगत नाय. जावा कुठं एकमेकींचं कौतुक करतात?

तारापूरला वीजघराचं बांधकाम चाललं होतं, त्या सालातली गोष्ट. हंसाच्या भावाची, गावातल्याच नवशाची होडी वादळात अडकली. दोन-तीन दिवसांनी तो धडधाकट परत आला, पण तोवर घरात नुसती रडारड. त्याची सात वर्षांची पोरगी, नलू, ते सगळं बघत होती. तिचं बोलणंच बंद झालं. बाप जरा नजरेआड झाला की थरथर कापायची, घास घ्यायची नाय.

म्हणून नवशा ती झोपेत असतानाच निघायला लागला. तसंही दर्यावर निघालेल्या माणसाला कुठं जातोस, कधी येशील, असं आमी विचारत नाय. अपशकुन होतो म्हणतात. झालं, पोरीनं झोपच सोडली. तिच्या आजीनं, हंसाच्या आईनं, भगत आणला, कोंबडं गेलं, गुण काय आला नाय. शेवटी नवशा होडी विकून तारापूरला पाट्या वाहायला जातो म्हणाला. दर्यावर वाढलेला गडी तो, मला ऐकवेना.

हंसा पालघरच्या बाजारातून आली आणि टोपली आपटली. "पोरीला लागीर-बिगीर काय नाय. ती बापाची राखण करते. तिला सांगून जा. कुठं जातोस, कुठल्या भरतीला येशील, वारा पडला तर कुठं थांबशील, सगळं सांग."

"अपशकुन करतेस?" आजी लेकीवर खवळली.

"करते. काय व्हायचं ते माझ्या माथी."

त्या खेपेला नलूनं बापाची भाकरी होडीपर्यंत नेली. नवशानं वाळूत बसून तिला सगळं समजावलं.

सांगितलेली भरती आली. होडी आली नाय. आजी किनाऱ्यावरच ऊर बडवायला लागली. बायका नलूला घरी न्यायला धावल्या, हंसानं कुणाला हात लावू दिला नाय. पोर आता कायमची हातची जाते, असंच मला वाटलं.

नलूनं आजीचा पदर ओढला. "रडू नको, आजी. वारा पडलाय. बाबा माहीमला थांबला असंल."

कित्येक महिन्यांनी पोरीचा आवाज ऐकला. हंसा मटकन वाळूत बसली आणि रडली. मीपण रडले.

सकाळी माहीमहून, आमच्या पालघरजवळच्याच बंदरातून, होडी आली. विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाय.

पुढच्या खेपेला नवशा निघाला तेव्हा नलू गाढ झोपली होती. आजीनंच तिला हलवलं.

"ऊठ गो. बाबा निघाला. कुठं जातो, विचार त्याला."