जवायाचा अंगठा

चूक माझी होती. मोबाइलची नव्हती, कंपनीची नव्हती आणि माझ्या सासऱ्यांच्या अंगठ्याची तर नव्हतीच. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे सांगता सांगता मी स्वतःची बाजू सावरायला लागेन. ती माझी जुनी खोड आहे.

मी बुलढाण्याला एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. काचेच्या नळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, हे माझं काम. रोहिणखेडजवळच्या माझ्या सासुरवाडीत मात्र "आमचे जवाई सायन्समंधी हायेत" असं सांगितलं जातं. मी ते कधी दुरुस्त केलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला गेलो होतो. त्या दिवशी जावयानं फक्त बसायचं आणि खायचं असतं. पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाल्ले की आपण खरंच कोणीतरी आहोत असं वाटायला लागतं. तेवढ्यात सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, नवा मोबाइल माझ्यासमोर ठेवला. आधीचा बटणांचा होता.

"जवाईबुवा, याले माहा अंगठा शिकवून द्या. आकडे काई माह्या ध्यानात राह्यत नाई."

ओसरीवर सासूबाई म्हणजे मामी, शेजारपाजारचे, सगळे बघायला जमले. मोबाइल मामाजींचा अंगठा काही केल्या घेईना. त्यांची मिरची-वांग्याची शेती. तोडणी आणि खुरपणी करून करून अंगठ्यावरच्या रेषा पार झिजलेल्या. मी तो पुसला, त्यावर फुंकर मारली, पुन्हा टेकवला. मोबाइल थरथरायचा आणि नाही म्हणायचा. मागून कोणीतरी दुसऱ्याला म्हणालं, "सायन्सवाल्याच्यानं होत नाई, मंग कोनाच्यानं होईन बे?"

ते मला लागलं. मामाजी पाणी प्यायला आत गेले, सगळ्यांची नजर तिकडे वळली, आणि मी माझा अंगठा टेकवला. मोबाइलनं तो बिनतक्रार घेतला. आकड्यांचं कुलूपही मी माझ्याच सवयीचं टाकलं. मामाजी बाहेर आले तेव्हा मोबाइल उघडा होता.

"झालं," मी म्हणालो. लोक वाहवा करत घरी गेले. पुढच्या खेपेला निवांत दुरुस्त करू, असा माझा विचार होता.

मी बुलढाण्याला परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मामाजींचा फोन आला, अर्थात शेजाऱ्याच्या मोबाइलवरून. "जवाईबुवा, हा तर अंगठा धरून नाई राह्यला."

त्याच सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी एक मजकूर पुढे ढकलला होता. यापुढच्या मोबाइलमधून बोटाचं कुलूप जाणार, सगळं चेहऱ्यावर येणार, असं त्यात होतं. खरं की खोटं, ते मला आजही ठाऊक नाही. पण त्या क्षणी तो मजकूर देवासारखा धावून आला.

"मामाजी, कंपन्या आता अंगठा बंदच करताहेत. म्हणून तसं होत असेल."

"अस्सं! मंग आता कसं?"

"चेहऱ्यानं उघडणार म्हणे."

"मी तं सकाळपासून पाहूनच राह्यलो त्याच्याकडं. काऊन नाई उघडत?"

"ते... पुढच्या मोबाइलमध्ये."

त्यांनी एका शब्दानं शंका घेतली नाही. जावयाच्या शब्दाला आडवं जायची आमच्याकडे रीत नाही आणि मी त्या रीतीच्या आड लपलो. निदान आकडा तरी सांगावा, तर तेही सुचलं नाही. खोटं बोलणाऱ्याला साध्या गोष्टी सुचत नाहीत.

मामाजींच्या मोबाइलवर आता फक्त येणारे फोन घेता येत. कोणाशी बोलायचं असलं की ते निरोप पाठवायचे, "मले फोन लाव म्हना, माहं काम हाय." आणि संध्याकाळी पारावर बसून सांगायचे, "अंगठा बंद होऊन राह्यला. जवायानं सांगतलं."

मामाजींच्या तोंडून गेलेली गोष्ट त्या गावात पक्की धरली जाते. सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी कोणाची यावर भांडण झालं, तर ते सांगतील तो निकाल. त्यामुळे अंगठा बंद झाल्याची बातमी गावभर झाली आणि वाटेत वाढली. मोबाइलचा अंगठा बंद, म्हणजे राशनचाही बंद, असं कोणीतरी ठरवलं. एक म्हातारी पिशवी घेऊन राशन दुकानासमोर जाऊन बसली. दुकानाला त्या दिवशी एरवीही सुट्टीच होती, पण तिला वाटलं अंगठ्यामुळेच बंद आहे. चेहऱ्याचं ऐकून मामींच्या जाऊबाई भडकल्या. "म्हंजे मोठ्या मान्सायसमोर पदर बाजूले करून फोनले तोंड दाखवाचं काय? जळला मेला तो फोन!"

मग देऊळगाव राजाहून एकाचा पाहुणा आला. त्याच्याकडे कोरा, नुकताच बाजारात आलेला मोबाइल होता. त्यानं पारावर सगळ्यांदेखत अंगठा टेकवला आणि मोबाइल उघडला. मामाजी म्हणाले, "माहा जवाई खोटं बोलनार नाई." लोक हसले.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. दोन दिवसांनी पाण्याच्या पाळीवरून वाद झाला. मामाजींनी निकाल सांगितला, तर एक गडी म्हणाला, "मामा, हे तुमचं हाय का जवायाले इचारून सांगता?" मामाजी उठले, घरी आले, आणि पुन्हा पारावर गेले नाहीत. पाण्याचं भांडण तसंच लटकलं.

हे मला बायकोनं सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं माझ्याकडे बघत विचारलं, "तुमी नेमकं काय सांगतलं हो बाबाले?" मी म्हटलं, रविवारी जाऊ.

रविवारी मामींनी मोबाइल माझ्या हातात दिला. बरेच दिवस उघडला नव्हता, म्हणून त्यानं आधी आकडा मागितला. तो मी सवयीनं मारला. मग मामाजींनी बंद करून अंगठा लावला. मोबाइल थरथरला. मामी म्हणाल्या, "जवाईबुवा, तुमचा लावून पाहा बरं."

नाही कसं म्हणणार? मी लावला. तो फटकन उघडला.

मामींचा चेहरा खुलला. "पाहा! फोनबी जवायाले मान देते!"

बायको हसली नाही. मामाजींनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या. मग ते चप्पल शोधत राहिले. ती त्यांच्या पायातच होती.

त्या घटकेला मी गप्प राहिलो असतो तर मामींच्या कौतुकात सगळं झाकून गेलं असतं. पण मामाजींच्या पाण्याच्या निकालाला लागलेला बट्टा तसाच राहिला असता. मी म्हणालो, "मामाजी, चला, पारावर जाऊ."

पारावर मी उभ्यानंच सगळं सांगितलं. अंगठा कोणाचा लावला, कधी लावला, ग्रुपवरचा मजकूर कसा पुढे केला. मधेच राशनवाल्या म्हातारीनं विचारलं, "मंग राशनचा अंगठा चालू हाय ना बाप्पा?"

"चालू आहे, आजी."

"मंग सांगत राहा."

एक रिटायर गुरुजी होते. ते म्हणाले, "म्हंजे तुमी सायन्समंधी नाई?"

"सायन्समध्येच आहे, गुरुजी. नळ्या धुतो."

पार हसला. मामाजी हसले नाहीत. ते खाली बघत होते. मग मी पाळीवरून बोललेल्या गड्याकडे वळलो. "मामाजींनी पाण्याचा निकाल मला विचारून दिला नव्हता. मला त्यातलं काही कळत नाही. त्यांचा शब्द आधी होता तसाच आहे. खोटा निघाला तो माझा."

आणि मग मामाजींच्या समोर खाली बसलो. पाठ केलेलं सगळं विसरलो होतो.

"मामाजी, तुमच्या अंगठ्यात काही कमी नव्हतं. मला जमलं नाही, एवढं चारचौघांत म्हणायची मला लाज वाटली, आणि ती लाज मी तुमच्या गळ्यात बांधून बुलढाण्याला निघून गेलो. माझं चुकलं. मला माफ करा."