काळं मशीन, खिडक्यांचं मशीन

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे दोन कॉम्प्युटरची शर्यत लावणं.

त्या दिवशी बंद होता. विद्यापीठाच्या नावावरून शहर तापलेलं. जालना रोड सुना पडलेला, चिकलठाण्यातल्या कारखान्यांच्या बसही आल्या नव्हत्या. टायपिंगच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही आत बसलो. टायपिंग माझी बायको करायची. ती दहावी शिकलेली, मी चौथीतून मेंढरांमागं गेलेला. कारखान्यातलं लेथवरचं काम सुटल्यावर तिच्याच दुकानात कागद लावायचो, प्रिंटरची रिबन बदलायचो.

जुनं मशीन डॉसवर चालायचं. काळा पडदा, त्यावर एक रेघ लुकलुकायची. हुकूम टाईप केल्याशिवाय ते जागचं हलायचं नाही. नवं मशीन विकणाऱ्यानं वापरून बघायला ठेवलेलं. त्यात खिडक्यांची सिस्टीम, माऊस, चित्रं. नवं घेतलं तर जुनं त्याला देऊन टाकायचं होतं.

मला नवं आवडलं. इंग्रजी न येणाऱ्याला चित्र कळतं. फ्लॉपीचं चित्र दाबलं की लिहिलेलं जतन होतं, एवढं मी पहिल्याच दिवशी शिकलो.

शर्यतीला एका पोरीच्या प्रबंधाचं पान घेतलं. पोरगी हातानं लिहिलेले कागद देऊन गेली होती. पहिल्या पानावर विद्यापीठाच्या नावाची जागा कोरी ठेवा काकू, म्हणाली होती. कोणतं नाव येईल ते कुणालाच माहीत नव्हतं.

"उघडा तुमची खिडकी," बायको म्हणाली.

"आधी तुझं काळं थोबाड उघड."

तिचा अर्धा परिच्छेद झाला तरी माझ्या पडद्यावर वाळूचं घड्याळच.

"काय वो, वाळू सरंना का अजून?"

"तुझ्यात एका टायमाला एकच काम होतं. ह्यात चार खिडक्या उघडत्यात."

"चार उघडून काय करता? तुमी मेंढरं राखलेला माणूस. चारी दिशंला पांगली की किती पळायचात, आठवा की."

मग तिनं आपली जुनी फ्लॉपी माझ्या मशीनमध्ये घातली. नुसते चौकोन अन् फुल्या. तिच्या मशीनमध्ये मराठीसाठी वेगळं कार्ड बसवलेलं होतं, ते ह्यात नव्हतं.

"बघा. माझं एवढ्या वर्षांचं काम ह्याला वाचता बी येत नाय."

"पर सोपं लई हाय. तुझ्या मशीनमधी कुठलं बटण दाबलं की जतन होतं, मला कुठं कळतंय?"

"मी हाय की," म्हणाली, अन् पुढं टाईप करू लागली.

थोड्या वेळानं छातीत कळ येते म्हणाली. घामानं पदर भिजला. बंदमुळं रिक्षा नव्हती. कारखान्याचा माल नेणारा टेंपो आडवा होऊन थांबवला. सरकारी दवाखान्यात पोचलो तवर ती गेलेली. डॉक्टरनं डोळे बघितले अन् चादर ओढली. संध्याकाळी सगळं उरकलं. खांदा द्यायला जेमतेम माणसं होती, पाहुणे पोचलेच नाहीत.

आता घरातली पोरं कोणती सिस्टीम चांगली म्हणून भांडतात. कोणती पळते, कोणती अडकते, कोणतीत काय उघडतं. मला विचारलं तर एवढंच सांगतो, आपलं माणूस गेल्यावर मागं राहिलेल्याला जी चालवता येईल ती घ्या.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा दुकानदार किल्ली घेऊन घरी आला. आम्ही दवाखान्यात गेल्यावर शटर त्यानंच ओढलं होतं. म्हणाला, आत उजेड दिसतोय. मी उठलो.

"सुतकात दुकान उघडतोस व्हय रं?" माझी थोरली बहीण म्हणाली.

"मशीन चालू राहिलंय, आक्का."

"मग बंद कर अन् ये."

"बंद केलं तर तिनं लिहिलेलं जाईल."

शुक्रवार होता. दर शुक्रवारी सकाळी आमच्या भागातली लाईट दुरुस्तीसाठी जायची. म्हणजे मी नाही बंद केलं तरी ते बंद होणारच होतं. दुसरा टायपिंगवाला बोलावता आला असता. पण तिच्या बटणांवर दुसऱ्या कुणाचं बोट मला नको होतं.

तिच्या काळ्या पडद्यावर पान तसंच होतं. शेवटच्या शब्दाच्या मध्यात रेघ लुकलुकत होती. बटणं होती, त्यातलं एखादं ते पान ठेवणारं होतं अन् एखादं पुसणारं. मी हात लावला नाही.

प्रिंटरचे वाया गेलेले कागद उलटे केले, पेन घेतलं अन् पडद्यावरचं उतरवायला बसलो. पोरीचा मूळ कागद शेजारीच होता, त्यात हेच सगळं होतं. तो मी पालथा ठेवला. माझं अक्षर मोठं अन् वाकडं. एकेक ओळ बोट धरून लिहिली. शेवटच्या अर्ध्या शब्दाचं पुढं काय येणार ते मला कळत होतं. मी अर्धाच लिहिला.

डोक्यावरचा पंखा थांबला तेव्हा मी पडद्याकडं बघितलं नाही.