कॅसेट उलटताना निसटलेल्या दोन ओळी

गायक बँड सोडून गेला, नवा मिळेना, म्हणून ड्रमरच गायला, असा तो अल्बम. हॉस्टेलवर सगळे म्हणायचे, बँड संपला. मी भांडायचो, "ऐका तरी, पहिल्या ओळीपासून कसला बिनधास्त गातोय!" माझ्याकडे मित्राने भरून दिलेली कॅसेट होती. त्यातलं सगळ्यात लांबलचक गाणं पहिल्या बाजूच्या शेवटी अर्धंच मावलं होतं. मध्येच खट् व्हायचं, मी उठून कॅसेट उलटायचो आणि पुढे ड्रमर जोरात गात असायचा.

परवा नेऱ्याहून घोटावड्याला जाताना गाडीत फोनवरून तेच गाणं लावलं. खट् व्हायची जागा आली तसा माझा हात आपोआप डॅशबोर्डकडे गेला. पण गाणं थांबलंच नाही. मित्राने भरताना कॅसेट उलटेपर्यंत निसटलेल्या दोन ओळी तिथे होत्या. वाद्यं गप्प, ड्रमर एकटा आणि आवाज चक्क थरथरत होता. लेकाचा चांगलाच टरकला होता!

मी गाडी हळू केली. मागचा पाण्याचा टँकरवाला हॉर्नवर हॉर्न द्यायला लागला.

"अरे, थांब की जरा!" मी आरशात बघून ओरडलो, "माणूस पहिल्यांदा गातोय!"