गपमावशी आणि परदेशी शेवळं

मावशींसमोर ‘खाज’ हा शब्द काढायची सोय नव्हती. आमचं कामच खाजऱ्या कंदाचं, तरीही. कोणी बोललंच तर हातातली सुरी न थांबवता त्या म्हणायच्या, “गप.” म्हणून ओळीतल्या सगळ्या बायका त्यांना गपमावशी म्हणत.

अंबडच्या एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना आहे. ईशान्येकडच्या डोंगरांतून कोंजॅकचे कंद ट्रकने येतात. दिसायला सुरणाचे चुलतभाऊ. ते सोलायचे, चकत्या करून वाळवायच्या, दळायच्या. हलकी धूळ हवेने उडवली की खाली रवाळ पीठ राहतं. पोत्यावर त्याचं नाव ग्लुकोमॅनन. जेली, नूडल्स घट्ट व्हायला ते घालतात. मावशी हरसूलकडच्या. रानातली खाजरी शेवळं काकडाची आंबट फळं घालून शिजवण्यात त्यांचा जन्म गेला होता. या कंदालाही त्या “परदेशी शेवळं” म्हणायच्या.

मी गडचिरोलीकडची. आठवीत शाळा सुटली आणि ओळखीच्या एका ताईच्या भरवशावर इतक्या लांब आले. पहिल्याच आठवड्यात हातमोज्यात कंदाचा रस गेला. “लय खाजून राहिलं बाप्पा,” मी मोठ्याने म्हणाले. झालं. शेजारची मनगट चोळू लागली, तिच्या पलीकडची मान. बघता बघता सगळी ओळ खाजवत उभी, सुऱ्या खाली. सुपरवायझर धावत आला. “कोणी सुरू केलं हे?” नव्या बाईला घरी पाठवायला त्याला एवढं कारण पुरलं असतं, आणि परत जायला मला तोंड नव्हतं.

“कोणी नाय साहेब,” मावशी म्हणाल्या. “कंदच कच्चा हाय आजचा.”

मग मला नळावर नेलं. त्यांच्या फळीखाली चिंचेच्या कोळाची बरणी असायची. तो कोळ हाताला चोळत म्हणाल्या, “नाव घेतलं का सगळ्यांना सुटतं, बाई. आपल्याला सुटलं तरी शेजारणीचं बघायचं.”

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी म्हणाले, “मावशी, घरची फार आठवण येते.”

“गप.” त्यांनी डोळ्यांनीच ओळ दाखवली. कोणी बिहारची, कोणी ओडिशाची, जवळची म्हणावी तर एक चांदवडची. “हितं कोण आपल्या घरी जेवतंय?” आणि अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकली. “खा. एवढ्याशा भातानं तुझं पोट भरतं, का डब्याचं?”

रविवारी त्या मला खोलीवर बोलवायच्या. उरलंसुरलं पीठ पाण्यात फुगवून चुन्याच्या निवळीत शिजवायच्या, वड्या पाडून लसूण-मिरचीवर परतायच्या. “याला सोताची चव नाय बघ. ज्याच्यात घालशील त्याचं होतं.” एकदा वडी उलटताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तू पण होशील हितली.”

पुढे त्यांना दळणाच्या खोलीत टाकलं. पिठाची धूळ छातीत बसली. दोन वाक्यं बोलल्या की दम लागायचा. डॉक्टरांनी पिठापासून लांब राहायला सांगितलंय, हे त्यांच्या मुलाकडून कळलं. मी विचारलं, “मावशी, काम सोडणार तुम्ही?”

“गप.”

शनिवारी सुट्टी होताना त्यांनी चिंचेची बरणी माझ्या फळीखाली सरकवली आणि हरसूलची एसटी धरली. आता फोनवर त्या “जेवलीस का?” विचारतात, मी “दम कसा आहे?” विचारते.

त्या गेल्या त्याच सोमवारी, सोलायच्या ओळीतल्या त्यांच्या जुन्या, रिकाम्या जागेवर एक नवी बाई आली. सोलता सोलता तिने विचारलं, “इथं आधी कोण होतं?”

मी गप म्हणणारच होते, पण पलीकडून चांदवडची बोलून गेली, “आमच्या गपमावशी.”

शेजारणीची सुरी थांबली. मग तिच्या पलीकडची. माझीही. बघता बघता सगळी ओळ पदराने, बाहीने डोळे पुसत उभी. सुपरवायझर दारात आला. “काय झालं? कोणी सुरू केलं?”

“कोणी नाही साहेब,” मी म्हणाले. “कंदच कच्चा आहे आजचा.”