चाखून घेतलेली जमीन

लोक जमीन घेताना सातबारा बघतात, रस्ता बघतात, विहीर बघतात. माझ्या बाबांनी चाखून बघितली. भर उन्हात शेताच्या मधोमध उकिडवे बसले, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले. विकणारा माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी मोबाइलमध्ये बघायला लागले. दुसरं काय करणार?

आमच्याकडे हे असंच होतं म्हणे. आम्ही घणसोली गावचे आगरी. शेतं खाडीला लागून, सगळी खारी जमीन. भरतीचं पाणी बांध फोडून आत शिरलं की वर्षाचं पीक गेलं. म्हणून पावसाळा लागला तरी पेरायची घाई करायची नाही. आधी पावसानं मातीतलं मीठ धुवून न्यायचं, मग माती तोंडात घालून बघायची, आणि जीभ हो म्हणाली तरच बी टाकायचं. बाबा हे त्यांच्या वडलांकडून शिकले. पुढे नवीन शहर आलं, शेतं गेली, बाबा कंपनीत लागले. मी ती शेतं कधी पाहिलीच नाहीत. मी पाहिला तो भराव आणि त्यावरचे टॉवर.

रिटायर झाल्यावर बाबांची किडनी गेली. दिवसाआड डायलिसिस. मी आईबाबा दोघांना गावातल्या घरातून उचलून माझ्याकडे कामोठ्याला आणलं. सेंटर कळंबोलीला, रिक्षानं जवळ. पहिले काही दिवस सुई टोचताना मी तोंड फिरवायचे. मग बघायला लागले. मग बघूनही काही वाटेनासं झालं. ऑफिस, सेंटर, औषधं, पथ्याचं जेवण. बरं वाटत नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं. नुसती चालू होते मी.

आणि एक दिवस मशीनला लावलेले असताना बाबा म्हणाले, "एकदा माज्या शेतातला भात खाऊन मरायचाय मना."

चहा सांगावा तसं म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, भात काय, वाण्याकडेही मिळतो."

"तो लोकांचा."

झालं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. डॉक्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की लांबचे बेत करू नका. म्हणजे हातात असला तर एकच पावसाळा. मला वाटलं होतं बाबा विसरतील. ते कसले विसरतात!

शेतजमीन घ्यायची तर माणूस आधी शेतकरी असावा लागतो. सरकारी ऑफिसात साहेबांनी विचारलं, "काका, तुमचा सातबारा?" बाबांनी खिडकीतून बोट दाखवलं. "त्या टावरच्या खाली हाय. काढून आनू?" साहेब हसले नाहीत, मीही हसले नाही. संपादनात जमीन गेलेल्यालाही शेतकरी धरतात, त्याचा दाखला काढण्यात उन्हाळ्याचा बराचसा भाग गेला. मग कर्जतच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला एक तुकडा मिळाला. एक माणूस आपलं अर्धं शेत विकत होता. उरलेलं अर्धं तोच कसणार होता, त्यामुळे शेजारी म्हणून आम्हाला लागेल ती मदत करायला तयार होता. तिथंच ते चाखणं झालं.

बाबांनी डोळे उघडले. "खारी हाय."

तो माणूस चाटच पडला. "काका, समुद्र कुठं, आपण कुठं! गोडी जमीन आहे ही. माझ्या आज्यापासून कसतोय."

"माजी जीभ मना सांगते," बाबा म्हणाले. मला वाटलं, सुटलो, आता नको म्हणतील. पण त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की बस. "घेऊ आपन. खारीच बरी. मना खारीच कसता येते."

मी वाद घातला नाही. मातीतलं मला कळतं काय? डोंबल.

पनवेलच्या दुकानात बाबा मशीनवरचं सगळं विसरले. फावड्याचे दांडे हातात घेऊन तोलून पाहिले, कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवला, खताच्या गोणीला नाक लावलं. बियाणं मागितलं ते खाऱ्या जमिनीचं. दुकानदार म्हणाला, "कर्जतला? काका, तिकडं खाडी कधी आली?" बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं गपचूप पिशवी काढून दिली. मी गाडीत बसून ऑफिसचे मेल बघत होते. काचेतून बाबा दिसत होते, प्लास्टिकच्या बरणीतून दाणे तळहातावर ओतून घेताना. बऱ्याच दिवसांनी ते कुणाला तरी दटावत होते.

पाऊस लागला. शेजाऱ्याचा फोन आला, "ताई, माझी रोपं वर आली. तुमचं काय?" बाबा म्हणाले, धुवून निघू दे. शेताच्या बांधाला वाट पाडून सगळं पाणी सोडून द्यायला सांगितलं. शेजारी भात लावायला चिखल करत होता आणि आमचं शेत गळत होतं. डायलिसिस नसेल त्या दिवशी मी बाबांना गाडीनं घेऊन जायचे. ते छत्रीखाली बसून माती चाखायचे आणि मान हलवायचे. अजून नाय. पुढच्या खेपेलाही अजून नाय. शेजाऱ्यानं लावणी उरकली. त्याचं शेत हिरवं झालं. आमच्यात बगळेसुद्धा थांबत नव्हते.

मग एका दुपारी आईनं बाबांना जेवायला वाढलं. बाबांनी वरणाचा घास तोंडात घेतला आणि ताट सरकवलं. "किती मीठ घालतंस गो! जीभ जल्ली माजी."

आईनं ताट उचललं. स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकली आणि मला म्हणाली, "मीठ तर डॉक्टरांनी बंदच केलंय. मी चिमूटभरपन घालत नाय. पार उन्हाल्याच्या सुरवातीपासून रोज हेच. पानीपन खारट लागतं म्हनतात."

माझ्या हातात डबा होता. तो तसाच धरून मी उभी राहिले. उन्हाळ्याच्या सुरवातीपासून. म्हणजे जमीन बघायला गेलो त्याच्याही आधीपासून.

सेंटरमधल्या सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "होतं असं काही पेशंटना. तोंडाची चव जाते. कुणाला कडू लागतं, कुणाला खारट." तिनं ते इतकं सहज सांगितलं आणि पुढच्या पलंगाकडे गेली.

सांगायचं कसं याचा मी विचारच केला नाही. माझा स्वभावच नाही तसा. परत येताना रिक्षात सरळ सांगून टाकलं. "बाबा, माती गोडीच आहे. तुमची जीभ बिघडलीय."

कळंबोलीच्या ट्रकांची रांग लागली होती. बाबा बाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "आनि तुज्या आयशीचं वरन?"

"त्यात मीठ नसतंच."

"मंग उशीर झाला," बाबा म्हणाले. एवढंच. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. आई माझ्यावर अशी काही कडाडली! "जल्लं तुजं खरं बोलनं! मानसाकडं उरलंय काय, जीभच ना? तीबी खोटी पाडलीस." मी कपडे घडी करत बसले. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

सकाळी उठून बघते तर बाबा बाथरूमच्या दारात स्टूल टाकून बसलेले. बादलीत बियाणं भिजत घातलेलं, आईला गोणपाट फाडायला लावलेलं. शेजारी करतो तशी रोपं तयार करून लावायला आता वेळ नव्हता. पण खाडीवर रोपं करतच नसत. तिथं उशीर नेहमीचाच, म्हणून मोड आलेलं बीच सरळ चिखलात फेकायचे. त्याला रहू म्हणतात, हेही मला तेव्हाच कळलं. बियाणं गोणपाटात बांधून आमच्या बाथरूममध्ये दाबून ठेवलं, वर पाणी मारलं. आंघोळीला आम्ही सोसायटीतल्या शेजारणीकडे जात होतो. तिनं विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, पेरणी.

बी फेकलं शेजाऱ्यानं आणि मी. बाबा आले नाहीत. त्यानंतर ते शेतावर गेलेच नाहीत. चालवत नाही म्हणाले. मी फोटो दाखवायचे, ते मान डोलवायचे. पीक आलं, शेजाऱ्यापेक्षा पातळ आणि त्याच्या कितीतरी मागून, पण आलं. तोवर बाबांचं वजन इतकं उतरलं होतं की त्यांना उठवून बसवायला मी एकटी पुरायचे.

गिरणीतून तांदूळ आणले त्या दिवशी आईनं दुसरं काही केलं नाही. नुसता भात, वाफेचा. बाबांना पाठीमागे उशी देऊन बसवलं, ताटली मांडीवर ठेवली. त्यांनी घास घेतला आणि चावत राहिले. आई पदराचं टोक धरून उभी होती. मला वाटलं, आता ताट सरकवणार.

"खारट हाय," बाबा म्हणाले.

आईनं माझ्याकडे बघितलं. गप्प बस, असं त्या बघण्यात होतं.

बाबांनी दुसरा घास घेतला. मग हसले. त्या वर्षात पहिल्यांदा हसले असतील. "आपल्या खाडीवरचा असाच लागायचा. मीठ घालायलाच नको." आणि ताटली पुढे केली, अजून वाढ म्हणून.

मी त्यांच्याच ताटलीतला एक घास उचलून तोंडात टाकला. अळणी भात. कसलीच चव नव्हती त्याला.

"हो बाबा," मी म्हटलं. "खारटच आहे."