तळाचं पाणी

सालेकसाकडच्या आमच्या गावात तलावाचं पाणी शेतांचं आणि मासे ढिवरांचे, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांचे, अशी जुनी वाटणी आहे. एका वर्षी पाऊस लवकर गेला आणि माझं धान ऐन लोंबीत सुकायला लागलं. तलावात थोडंच पाणी होतं. ते सोडलं तर मासे मरणार होते.

विचारायला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर गेलो, तर एक ढिवर बाई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून बेशरमाची झुडपं उपटत होती. ही झुडपं वाढली की ज्यात मासे अंडी घालतात ते गवत मरतं. तिनं माझं ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि सोबतच्या बायांशी बोलून आली.

"सोडा पाणी. पर तळाचं राहू द्या, बीजाचे मासे तिथंच जगतेत."

"आणि तुमचं कसं?"

"धानच मेला तं मासोळी कायसंग खावाची, भाऊ?"

आम्ही तळाचं पाणी राखलं. धान वाचलं. तिला मात्र त्या हंगामात फारशी मासोळी मिळाली नाही.

नवा तांदूळ घेऊन मी पाळीवर गेलो. तिनं मूठभर हुंगून पाहिला आणि सगळ्या बायांच्या पदरात वाटून टाकला. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.