गोदाताईंच्या शेल्यावरचा रथ

हातात सुई असली की तोंड रिकामं राहतं. काशीत, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या माझ्या खोलीत दुपारी मराठी घरांतल्या बायका कशिदा काढायला यायच्या. किस्से साठले ते तिथेच. मी चौथी शिकलेला. पण खाका न काढता, नुसते कापडाचे धागे मोजून हत्ती उभा करतो.

*

विद्यापीठातून एक बाई कॅमेरा घेऊन आल्या. आमच्यात सगळ्यांत वडील गोदाताई. त्यांना बाईंनी विचारलं, "या आकृतीतून काय सांगायचं असतं?"

गोदाताई म्हणाल्या, "हत्ती आहे तो. कधी बघितला नाहीत?"

*

देवीच्या खणावर मी मोर काढत होतो. चौकातला साडीवाला म्हणाला, "चाचा, मशीन से दिन में सौ मोर निकलते हैं."

मी म्हटलं, "सौ का क्या करूँ? देवी एक है."

*

आमचा कशिदा दोन्ही बाजूंनी सारखा. गाठ चालत नाही. नागपूरहून बदलीवर आलेल्या बँकवाल्यांची मुलगी सुनंदा म्हणाली, "काका, उलटी बाजू कोण बघतं?"

"मी बघतो." सगळं उसवायला लावलं.

आठवड्याने तिला माझ्या कामात गाठ सापडली. कात्री आणून समोर ठेवली.

*

रथ फक्त गोदाताईंना यायचा. मलाही नाही. आता त्यांना धागे दिसत नव्हते. त्यांच्या हातचा एकच रथ उरला होता, शेल्यावर. आणि तो शेला त्यांनी मणिकर्णिकेच्या घाटावर जाताना पांघरायला बांधून ठेवलेला. म्हणजे रथही जळणार.

सुनंदा म्हणाली, "ताई, तासभर द्या. रथ उतरवून घेते."

"ते वस्त्र जिवंतपणी उलगडत नाहीत. मेल्यावर बघा."

"मेल्यावर घाट दहा मिनिटांवर. तेवढ्यात चाकांचे टाके मोजून होतील का?"

गोदाताई उठून गेल्या. चार दिवस फिरकल्या नाहीत. पाचव्या दिवशी निरोप आला, दोघं या.

गेलो. गोदाताई जमिनीवर उताण्या, पाय जुळवून, डोळे मिटून. अंगावर शेला. त्यांची सून दाराशी उभी. म्हणाली, "आई म्हणाल्यात, गेल्या असं समजा आणि उरका."

सुनंदा शेजारी बसली. शेल्यावरचे टाके मोजून आपल्या कापडावर घालू लागली. मी सुईत दोरा ओवून देत होतो. पहिलं चाक उतरलं. दुसऱ्या चाकाशी ती अडली. "सात... आठ..."

"नऊ," डोळे मिटूनच मयत बोललं.